‘मध्यम’ धोका म्हणजे किती? वसंतातील हिमवाटांच्या इशाऱ्यांची पार्श्वभूमी

मडगावहून चंदीगडला जाणाऱ्या संपर्क क्रांती गाडीत एप्रिल-मेमध्ये पाठपिशव्या घेतलेले गोमंतकीय हमखास भेटतात. त्यांतील बहुतेकांचा ओढा हिमाचलमधील सार पास, हमटा अशा चार हजार मीटरांहून थोड्या उंच खिंडींकडे असतो. 2025 पासून गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्याने मुलांना घेऊन जाणाऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः मे उरला आहे, आणि बर्फाच्या दृष्टीने हे दोन महिने सारखे नाहीत.

हिवाळ्यातील हिमस्खलनामागे बहुधा नव्या बर्फाचा भार आणि वाऱ्याने रचलेले कच्चे थर असतात. वसंतात उन्हाने वितळलेले पाणी थरांत झिरपते, सगळा थर शून्य अंशावर येतो आणि कणांची एकमेकांवरील पकड सुटते. रात्र निरभ्र असेल तर पृष्ठभाग पुन्हा गोठून पहाटे कडक होतो. ढगाळ रात्री मात्र उष्णता बाहेर पडत नाही (मे महिन्यात पणजीत अशा रात्री जो उकाडा होतो, त्याचे एक कारण हेच), आणि मग बर्फ पहाटेही भुसभुशीत राहतो. सार पासच्या दिवशी काळोखातच तळ सोडण्याची रीत याच हिशेबातून आली आहे.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यांतील शब्दांचा गुंता जुना आहे. 1950-51 च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये हिमस्खलनांत अडीचशेहून अधिक माणसे दगावली. तरीही पुढे कित्येक वर्षे प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळीच राहिली. 1993 मध्ये युरोपातील इशारा-यंत्रणांनी पाच पातळ्यांची एकच पट्टी मान्य केली. तिच्यातील तिसऱ्या पातळीच्या नावावर आजही वाद होतो. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजीत त्या पातळीला दिलेली नावे ‘लक्षणीय’ किंवा ‘ठळक’ या अर्थाची आहेत. ‘मध्यम’ म्हणावे अशी पातळी दुसरी आहे. परंतु पाचांत तीन हा आकडा मधला दिसतो, म्हणून मराठीत लिहिताना तिसरीलाच सर्रास ‘मध्यम’ म्हटले जाते, आणि वाचणारा निर्धास्त होतो. वास्तविक धोका पायरीपायरीने समान वाढत नाही, तो प्रत्येक पातळीला झपाट्याने वाढतो. स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनबळींपैकी सुमारे निम्मे याच तिसऱ्या पातळीच्या दिवशी जातात. हे भाषांतर निव्वळ ढिसाळ नव्हे, घातकही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतात या विषयाचे संशोधन 1969 मध्ये मनालीत सुरू झाले ते सीमेवरील सैन्याच्या गरजेतून. गिर्यारोहक आणि पर्यटक हे त्याचे वाचक फार नंतर झाले. काश्मीरसाठी निघणारे इशारे बहुधा ‘पुढील 24 तासांत 2800 मीटरांच्या वर मध्यम धोका’ अशा साच्यात येतात. येथील ‘मध्यम’ ही युरोपीय पट्टीवरील पायरी समजू नये, आणि त्याहून मोठी अडचण 24 तासांची आहे. आल्प्समधील वसंती पत्रकांत सकाळ आणि दुपार यांच्या पातळ्या गरजेनुसार वेगळ्या दिल्या जातात. एकच शब्द दिवसभर लागू असेल तर पहाटे तीन आणि दुपारी दोन यांतला फरकच पुसला जातो.

अलीकडच्या घटनांनी शब्दांची सरमिसळ आणखी वाढवली. 7 फेब्रुवारी 2021 रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात कोसळलेल्या राशीत सुमारे 80 टक्के खडक आणि उरलेला बर्फ होता, तरी ‘हिमनदी फुटली’ हाच शब्दप्रयोग रूढ झाला. त्याच जिल्ह्यात 23 एप्रिलला सुमना येथे रस्ता-कामगारांच्या तळावर आलेले मात्र खरोखरच हिमस्खलन होते. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यालगत, दुपारी बाराच्या सुमारास कोसळलेल्या बर्फाखाली सात पर्यटक दगावले. ते कोणत्याही खिंडीच्या चढाईवर नव्हते. गंगटोकहून मोटारीने बर्फ पाहायला आले होते.