परका कोण? कोकणातला दवाखाना आणि बाहेरून आलेला पेशंट

"रिंगटा लाग्यो," म्हणत आंब्याच्या बागेतला नेपाळी गडी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर टेकतो. केसपेपर लिहिणारी मान वर करते. सोबत आलेला माणूस मधेच सांगून टाकतो, "त्याका ताप इलो हा." मग पॅरासिटामॉल मिळतं, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं जातं आणि गडी बागेत परत जातो. देवगड, राजापूर, रत्नागिरीकडच्या कुठल्याही केंद्रात हंगामात हे घडू शकतं. रिंगटा म्हणजे चक्कर. ती उपाशीपोटी फवारणी केल्याने आली, रक्तदाबाने आली की रात्रभर राखण केल्याने, हे विचारायचं राहूनच जातं.

समोरच्याची बोली, खाणंपिणं, सोवळंओवळं, भीती आणि दुखण्याबद्दलची त्याची समजूत धरून उपचार करता येणं, याला वैद्यकात 'सांस्कृतिक सक्षमता' म्हणतात. शब्द जड आहे आणि अमेरिकेतून आला आहे. पण त्यामागचा पेच कोकणाला नवा नाही. फरक इतकाच की पूर्वी इथे परका असायचा तो डॉक्टर. आता परका आहे तो पेशंट.

हा पेशंट कधी येतो ते ठरलेलं आहे. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली की नौकांवर परप्रांतातले आणि नेपाळचे खलाशी चढतात. पाऊस सरला की चिरेखाणींवर विजापूर-बागलकोटकडच्या कन्नड आणि लमाणी टोळ्या उचल घेऊन येतात. दसरा-तिहार (त्यांची दिवाळी) उरकून नेपाळी बागांत शिरतात ते थेट आंबा संपेपर्यंत. कागदावर यांतला विदेशी फक्त नेपाळी. पण ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ तहामुळे त्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्याची मोजदादही कुठे नाही. ओपीडीत मात्र 'तले नोवु' म्हणणारी कन्नड बाई आणि 'टाउको दुख्यो' म्हणणारा नेपाळी सारखेच परके. दोघांचंही डोकंच दुखत असतं. (कोकणात गावाच्या वेशीला राखणदार असतोच. बागेचा राखणदार आता नेपाळातून येतो आणि त्याची जात कुठलीही असो, आपण त्याला गुरखाच म्हणतो.)

आता थोडं मागे जाऊ. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली गोस्तन देवीची लस टोचली गेली. मराठी मुलखात त्या रोगाचं नाव 'देवी'. अंगात देवी आल्या म्हणजे माय घरी आली. तिला हाकलायचं नसतं, तिची उठबस करायची असते. अशा घरात टोचणारा शिरला तो हळूहळू, आणि गंमत म्हणजे त्याच शब्दाचा हात धरून. लोक 'देवी टोचून घेणे' म्हणू लागले, 'देवी डॉक्टर' म्हणू लागले. भाषेनं लसीला उंबऱ्याच्या आत घेतलं. हे कुणा अधिकाऱ्याने ठरवून केलं असं वाटत नाही; लोकांनीच करून घेतलं.

प्लेगच्या वेळी याच्या अगदी उलट झालं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि त्याच्या जोरावर घरांची झडती, सक्तीने रुग्णालयात नेणं, सामान जाळणं सुरू झालं. पुण्यात गोरे सोजीर घरात शिरले. पुढे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. तो भाग शाळेतच शिकवतात. त्यामानाने मुंबईतली गोष्ट कमी सांगितली जाते. मार्च १८९८ मध्ये जुलाह्यांच्या, म्हणजे मुसलमान विणकरांच्या, वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. लोकांना औषध नको होतं असं नव्हे. घरातल्या बाईमाणसाला परक्या पुरुषाने हात लावणं, आजाऱ्याला नातलगांपासून तोडणं आणि त्याने कुणाच्या हातचं खायचं, यावर सगळं अडलं होतं. सरकारने शेवटी जातीजमातींना आपापली प्लेग रुग्णालयं चालवू दिली: आपला स्वयंपाकी, आपली माणसं, आपली प्रार्थना. तत्त्व म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून. तरी सांस्कृतिक सक्षमतेचा इतका धडधडीत धडा आपल्याकडे दुसरा नाही.

त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस सर्वांत जास्त. तो बोटी धरून गावाकडे पळाला आणि स्वतःच्याच गावात संशयित ठरला. २०२० मध्ये गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना शाळेत, समाजमंदिरात विलगीकरणात ठेवलं गेलं, तेव्हा गावात झालेली भांडणं कुणी विसरलेलं नाही. बाहेरून आला म्हणजे रोग घेऊन आला, हा विचार प्लेगच्या काळापासूनचा. आजही बाग, खाण, बांधकाम इथे आरोग्य कर्मचारी पोचतो तो बहुधा हिवतापाच्या काचपट्टीसाठी. शेजारच्या गोव्यात तर बांधकाम मजुरांना हिवतापापायी हेल्थ कार्डच सक्तीचं केलं. काचपट्टी हवीच, प्रश्न तो नाही. पण मजुराच्या वाट्याला एवढंच येत असेल, तर ती गावाला मजुरापासून वाचवण्याची सोय झाली.

प्लेगच्या आधीच एक शहाणी वाट निघाली होती, ती बायकांच्या दवाखान्यांतून. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका होत्या, म्हणून १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उभं राहिलं: बायकांसाठी, बायकांनी चालवलेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. कल्याणला पहिलं मूल दहा दिवसांत गेलेलं, नवऱ्याच्या बदलीमुळे अलिबागलाही राहिलेल्या या मुलीने प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. परक्या देशात परकी म्हणून राहताना आपल्याकडच्या बाळंतपणाची रीत तिथल्या डॉक्टरांसमोर शास्त्र म्हणून मांडायची, हे तिने एकविसाव्या वर्षी केलं. आज आपण ज्याला मोठं नाव देतो ते हेच.

आणि मग वेंगुर्ला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे सेंट ल्यूक्स रुग्णालय चालवलं. तिथले डॉ. रॉबर्ट गोहीन यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तोच पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि मग भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. मिशनच्या डॉक्टरला आधी मराठी शिकावी लागे, मग पेशंट. यात भाबडेपणा नको. औषधाच्या बाटलीबरोबर शुभवर्तमानही दिलं जायचं आणि भाषा त्यासाठीही लागायची. पण भाषेचं ओझं डॉक्टरच्या डोक्यावर होतं, हे खरं. पेशंटने इंग्रजी शिकून यावं असं कुणी म्हणत नव्हतं. बागेतल्या गड्याला मात्र आपण आज सर्रास सांगतो, "हिंदी में बोलो."

याचं शास्त्र नंतर बनलं. अमेरिकेत मॅडलिन लायनिंगर या परिचारिकेने १९५० च्या दशकात परसांस्कृतिक शुश्रूषेची मांडणी सुरू केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना वंश किंवा मूळ देश पाहून भेद करायला बंदी घातली. दुभाषा पुरवण्याची जबाबदारी पुढे त्यातूनच निघाली. १९७८ मध्ये आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी पेशंटला विचारायचे साधे प्रश्न पुढे ठेवले: हे कशाने झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? तुम्हाला सगळ्यात भीती कशाची वाटते? कोकणातल्या वाचकाला हे वाचून हसू येईल. आपला घाडी किंवा भगत पहिल्यापासून हेच विचारत आला आहे: कधीपासून, कुठल्या वाटेने आलास, कुणाच्या हद्दीत पाय पडला? उत्तरानंतर तो काय करतो हे सोडा, ऐकतो तरी.

न ऐकल्याचं काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या मर्सेडमध्ये दिसलं. लाओसमधून आलेल्या हमोंग जमातीच्या निर्वासितांची लहान मुलगी. डॉक्टरांच्या मते अपस्मार, आईबापांच्या मते आत्मा भ्यायला आणि शरीर सोडून गेला. चार वर्षांच्या आत तिच्या औषधांची यादी २३ वेळा बदलली. इंग्रजी न वाचता येणाऱ्या घराने ती पाळली नाही, म्हणून मूल काही काळ काढून दुसऱ्या घरी ठेवलं गेलं. १९८६ मध्ये मोठा झटका आला आणि ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. १९९७ मध्ये ही हकिकत पुस्तकात आल्यावर वैद्यकीय महाविद्यालयांत ती वाचायला दिली जाऊ लागली.

तोवर 'सांस्कृतिक सक्षमता' हा शब्द रुळला होता. १९८९ मध्ये टेरी क्रॉस आणि सहकाऱ्यांनी त्याची चौकट मांडली होती. लगेच टीकाही आली. 'हमोंग असे असतात, मेक्सिकन तसे असतात' अशा याद्या पाठ करून कुणी सक्षम होतं का? १९९८ मध्ये टर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया या दोघी डॉक्टरांनी त्याऐवजी 'सांस्कृतिक विनय' सुचवला: आपल्याला सगळं कळत नाही हे मानून पेशंटकडून शिकत राहायचं. न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने त्याहून धारदार कसोटी लावली: उपचार सुरक्षित वाटले की नाही, ते पेशंट ठरवेल. मला ही कसोटी सर्वांत पटते, कारण तिच्यात ढोंगाला जागा कमी.

याद्यांचा धोका आपल्याकडेही आहे. पश्चिम नेपाळातल्या काही भागांत पाळीत आणि बाळंतपणानंतर बाईला गोठ्यासारख्या खोपटात ठेवण्याची 'छाउपडी' चाले. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, २०१७ मध्ये तिला शिक्षेचा कायदा झाला. म्हणून बागेतली प्रत्येक नेपाळी बाई ती पाळते असं नाही. आणि एखादी पाळत असेल, तर जिच्या आजीने चार दिवस बाजूला बसून काढले त्या सिस्टरने नाक मुरडावं, हे शोभत नाही.

शब्दांचं तर विचारूच नका. नेपाळीत 'झमझम' म्हणजे हातापायाला मुंग्या. आपण जीवनसत्त्वाची गोळी लिहून मोकळे होतो. पण नेपाळच्या खेड्यांतल्या अभ्यासात झमझम सांगणाऱ्यांमध्ये नैराश्यही आढळलं आहे. सहा महिने बागेतल्या झोपडीत एकट्याने काढणाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द आला तर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. उलट बाजूने बघा: खेड-चिपळूणचा माणूस कुवेतच्या दवाखान्यात 'उसण भरली' हे कसं सांगत असेल?

आपली व्यवस्था गाव धरून बांधलेली आहे. डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३,००० मागे उपकेंद्र. २००५ पासून आलेली आशा ही त्याच गावची, गावात राहणारी बाई. तिची ताकद तीच. वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईचे दिवस तिला तोंडपाठ. पण खाणीवरची झोपडी तिच्या यादीत असेलच असं नाही. बाळंतिणीकडे बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या घालायच्या, तर टोळी मधेच दुसऱ्या खाणीवर हललेली. जीवनदायी योजना २०१२ मध्ये रायगडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर. नेपाळ्याकडे ते कुठून येणार?

सर्वांत अवघड हिशोब क्षयाचा. फेब्रुवारीत बेडका तपासला आणि क्षय निघाला, तर साधा उपचारही सहा महिन्यांचा, म्हणजे ऑगस्टपर्यंत. मृगाआधी बाग रिकामी होते. निक्षय या सरकारच्या क्षयरुग्ण-नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेवरची नोंद भारतातल्या दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. बनबसाची सीमा ओलांडून नेपाळातल्या महेंद्रनगरला उतरलेल्या माणसामागे ती जात नाही. तो कधी परतणार, हे पहिल्याच दिवशी विचारलं तर निदान गोळ्या आणि चिठ्ठी बरोबर देता येते. केसपेपरवर तसा रकाना नाही. नाव, वय, गाव एवढंच असतं, आणि गावाच्या जागी बहुतेकदा बागमालकाचं नाव लिहिलेलं असतं.