खाल्लेलं अंगी का लागत नाही? कुपोषण आणि आतड्यातले जिवाणू

अंगणवाडीत ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, अशी नोंद झालेल्या मुलाला उपचारात्मक आहार मिळतो. वजन वाढतं, दंडाचा घेर भरतो. तरीही यातली बरीच मुलं पुढे उंचीत मागेच राहतात, काही पुन्हा घसरतात. घरातली आजी म्हणते, “खातंय, पण अंगी लागत नाही.” पोषणशास्त्राने हे वाक्य फार काळ मनावर घेतलं नाही, कारण सगळा हिशेब उष्मांकांचा आणि प्रथिनांचा होता. पोटात गेलेलं अन्न तिथे कोणाकोणाच्या वाट्याला येतं, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

तो प्रश्न पहिल्यांदा पडला तोही बालरोगतज्ज्ञालाच. १८८५ च्या सुमारास म्युनिकमध्ये थिओडोर एशरिश तान्ह्या बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. जन्मानंतरच्या पहिल्या काळ्या शीत त्यांना जिवाणू सापडले नाहीत. काही तासांतच मात्र ते दिसू लागले. त्यांनी वर्णन केलेल्या एका जिवाणूला पुढे त्यांचंच नाव मिळालं. तोच आजचा ‘इ. कोलाय’. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांना १८९९ मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक दुबेळक्यासारखा जिवाणू विपुल आढळला. तो बायफिडोबॅक्टेरियम. जुलाब होणाऱ्या बाळांना हाच जिवाणू द्यावा, असं त्यांनी सुचवलं होतं.

हा जिवाणू तिथे का वाढतो, याचं उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वाटतं. आईच्या दुधातल्या घन घटकांत लॅक्टोज ही साखर आणि स्निग्धांश यांच्यानंतर तिसरा क्रमांक लागतो तो काही खास शर्करासाखळ्यांचा. बाळाला त्या पचवताच येत नाहीत. बायफिडोबॅक्टेरियमचे काही प्रकार मात्र त्यांच्यावरच पोसले जातात. आई बाळासोबत त्याच्या जिवाणूंनाही पाजत असते.

नंतरची अनेक दशकं जिवाणू म्हटलं की रोग, हेच समीकरण पक्कं राहिलं. प्रतिजैविकांनी लाखो जीव वाचवले, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. शिवाय आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना हवेतला प्राणवायू सोसत नाही, प्रयोगशाळेच्या बशीत ते सहजी वाढत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) आरएनएवरून सूक्ष्मजीवांची वंशावळ मांडली. पुढे त्याच वाटेने, जिवाणू न वाढवताही नुसत्या जनुकीय खुणांवरून त्यांची ओळख पटवणं शक्य झालं.

अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर घेतले आणि २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. या उंदरांच्या आतड्यात नेहमीच्या उंदरांचे जिवाणू सोडल्यावर चौदा दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन. अंगी लागणं जिवाणूंवरही अवलंबून असतं, हे मोजून दाखवता आलं.

मग तोच प्रश्न उलट बाजूने विचारला गेला. आफ्रिकेतल्या मलावी देशात ३१७ जुळ्या जोड्यांवर तीन वर्षांच्या वयापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. घर एक, आई एक, ताट एक. तरी कित्येक जोड्यांत एक मूल धडधाकट आणि दुसरं कुपोषित. २०१३ मध्ये आलेल्या या अभ्यासात कुपोषित मुलाचे जिवाणू निर्जंतुक उंदरांना दिले आणि सोबत मलावीतला मक्यावर आधारलेला आहार दिला, तेव्हा त्यांचं वजन झपाट्याने घटलं. नुसत्या आहाराने किंवा नुसत्या जिवाणूंनी तसं होत नव्हतं. दोन्ही एकत्र आले की घात होत होता.

ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या जुलाबांच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या संस्थेची गाठ इथे पडते. कॉलऱ्यावर तोंडाने द्यायचं मीठ-साखरेचं पाणी चालतं, हे १९६८ मध्ये दाखवलं ते हिच्याच पूर्वीच्या प्रयोगशाळेने. संस्थेचे तहमीद अहमद आणि गॉर्डन यांनी २०१४ मध्ये ढाक्याच्या झोपडवस्तीतल्या मुलांचा अभ्यास मांडला. निरोगी मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत आतड्यातली जिवाणूंची वस्ती ठरावीक क्रमाने प्रौढ होत जाते. तीव्र कुपोषित मुलाची वस्ती मात्र वयाच्या मानाने कोवळीच राहते. शेंगदाणा आणि दूध पावडर यांपासून केलेला उपचारात्मक आहार दिला की ती थोडी सावरते, आहार थांबला की पुन्हा मागे पडते. मुलाचं वय दीड वर्षाचं, पण आतडं अजून तान्ह्याचं.

मग त्या जिवाणूंना काय आवडतं, हे शोधत हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्ची केळी असं मिश्रण ठरलं. ढाक्यातल्याच मीरपूरच्या वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या १२३ मध्यम कुपोषित मुलांवर त्याची तीन महिने चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला: नेहमीच्या पूरक आहारात उष्मांक जास्त असूनही, वजनवाढीचा वेग या नव्या मिश्रणाचाच सरस निघाला. चाचणी छोटी होती, आणि उंचीचा प्रश्न तिने सोडवलेला नाही. पण गरिबाच्या घरात मिळणाऱ्या जिनसांनी हे साधलं, याचं मोल मला फार वाटतं.

भारतातलंही एक काम इथे सांगायला हवं. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी चाचणी केली. सात दिवस लॅक्टोबॅसिलस जिवाणू आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा दिल्यावर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. हा निकाल २०१७ चा.

ढाक्याच्या नमुन्यांचा पुढचा अभ्यास सांगतो, की त्या मिश्रणाचा गुण मुख्यतः ज्यांच्यामुळे आला, त्यांत प्रिव्होटेला या जिवाणूच्या काही वाणांचा मोठा वाटा आहे. डाळी-धान्यांतल्या चिवट शर्करा तोडण्यात तो तरबेज. हाच प्रिव्होटेला भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी लोकांच्या आतड्यांतही विपुल सापडतो, असं २०१९ च्या एका भारतीय अभ्यासात दिसलं. मात्र नाव एक असलं तरी वाण वेगळे असतात, आणि ढाक्यातल्या वाणाची भूक नंदुरबारच्या किंवा मेळघाटातल्या मुलाच्या पोटातल्या वाणाला असेलच असं नाही. ते तिथल्याच मुलांमध्ये, तिथल्याच जिनसांवर तपासावं लागेल.