पाय (π) म्हणजे २२/७ नव्हे

नागपुरात नववी-दहावीच्या कोणत्याही पोराला विचारा, पायची (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किंमत किती? उत्तर तयार असतं: २२/७. तोच पोरगा पुढच्या प्रश्नात ‘पाय ही अपरिमेय संख्या आहे’ असंही लिहितो. दोन्ही खरं असूच शकत नाही, कारण २२/७ परिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांचा भागाकार; अपरिमेय संख्या तशी लिहिताच येत नाही.

भागून पाहा. ३.१४२८५७१४२८५७… सहा अंकांचा गट फिरून फिरून येतो. पाय मात्र ३.१४१५९२६… असा जातो आणि कधीच आवर्ती होत नाही. गणितज्ञ लॅम्बर्टने हे अठराव्या शतकातच सिद्ध केलं. २२/७ पायपेक्षा किंचित मोठा आहे, हे तर आर्किमिडीजनेच दाखवलं होतं. आर्यभटानेही ३.१४१६ ही जवळची किंमत म्हणूनच दिली.

फरक किती पडतो? दीक्षाभूमीच्या स्तूपाचा व्यास १२० फूट धरा. २२/७ घेतल्यास परीघ ३७७.१४ फूट, खऱ्या पायने ३७६.९९. म्हणजे जेमतेम दोन इंच.

मग पुस्तकात २२/७ का? त्रिज्या ७, १४, २१ असली की सात कटतात, आकडेमोड सोपी होते. सोय म्हणून उत्तमच. पण गणितात ३.१४ दिलं असेल तर तेच वापरा, आणि शिक्षकांनी फळ्यावर २२/७ लिहिताना आधी ‘सुमारे’ लिहावंच.