जुनी नाणी दाखवायला आणण्यापूर्वी

पहिली विनंती, आणि पुढचं काही वाचलं नाही तरी एवढी पाळा: नाणी घासू नका. दिवाळीच्या आधी देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी सोलं, नाही तर चिंच लावून उजळायची आपल्याकडे रीत आहे. त्याच हातासरशी डब्यातली नाणीही चकचकीत होऊन आमच्याकडे तपासायला येतात. तांब्यावर वर्षानुवर्षं धरलेला तपकिरी थर आणि चांदीवरचा काळपटपणा ही संग्राहकाच्या लेखी घाण नसते. तो थर गेला की बारीक ओरखडे उघडे पडतात आणि किंमत बरीच उतरते, ती पुन्हा चढत नाही. हळदीकुंकू चिकटलेलं असलं तरी तसंच आणा.

गोव्यातल्या घरांत बहुतेक कोणती नाणी निघतात ते आम्हाला आता पाठ झालं आहे. पोर्तुगीज अमदानीतले तांब्याचे तांगे आणि पाव तांगे, चांदीच्या रुपया (पोर्तुगीज रुपयाला गोव्यात ‘ती रुपया’ म्हणतात), १९५८ पासूनचे इश्कुद आणि त्याचे सुटे सेंताव, शिवाय इंग्रजांचे राणीछाप रुपये. आणि पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या घरांत शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. जुना हिशोब १६ तांग्यांची एक रुपया, म्हणजे ९६० रेइश (तांग्याहून लहान एकक). पुढे इश्कुद आला तेव्हा एका रुपयाला सहा इश्कुद मिळाले. हे सेंताव-इश्कुद दिसायला सुंदर, पण पुष्कळ घरांत आहेत, म्हणून त्यांना मोठा भाव येत नाही. झिजलेल्या शिवराईचंही तसंच. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरं दिसली की माणूस हरखतो, ते आम्हीही समजू शकतो. पण शिवराई महाराजांच्या पुढेही कितीतरी वर्षं पाडली जात होती. अक्षरांची ठेवण, वळणं आणि ठसा किती पूर्ण उतरला आहे यावर तिचा भाव ठरतो.

चांदीच्या रुपयांत साल आधी बघा. दों लुईस या पोर्तुगीज राजाचं चित्र असलेल्या १८८१ आणि १८८२ च्या रुपया गोव्यात पाडलेल्याच नाहीत. इंग्रजांशी झालेल्या करारानंतर त्या कलकत्त्याच्या टांकसाळीत, ब्रिटिश रुपयाच्याच वजनाने पाडल्या: ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. १९३५ ची रुपया १२ ग्रॅमची आणि तशाच कसाची. १९४७ ची वजनाला तेवढीच, पण चांदी निम्मी. आणि १९५२ ची? तिच्यात चांदी नाहीच, तांबं-निकेल आहे. या शेवटच्या दोन एकाच पुडीत बांधून ‘चांदीच्या’ म्हणून दिल्याघेतल्या जातात, तेव्हा साल न वाचता घेऊ नका.

आता खरं-खोटं. आम्ही तुमच्यासमोर आधी वजन करतो. झिजलेलं नाणं थोडं कमी भरणारच. पण चेहरा पुसट झाला आहे आणि वजन मात्र नव्यासारखं पुरं, असं दिसलं की आम्ही सावध होतो. मग नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं ठेवून पुन्हा वजन करतो. हवेतल्या वजनाला या दोन वजनांतल्या फरकाने भागलं की विशिष्ट गुरुत्व मिळतं. चांगल्या चांदीच्या रुपयाचं ते १०.३ च्या आसपास येतं, जर्मन सिल्व्हरचं (नावात चांदी असली तरी हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) ९ च्याही खाली. म्हणजे ११.६६ ग्रॅमचं खरं नाणं पाण्यात साधारण १.१ ग्रॅम हलकं होतं, खोटं १.३ ग्रॅम. फरक ग्रॅमच्या दोन दशांशांचा असल्याने घरच्या काट्यावर तो नीट कळत नाही.

लोहचुंबकावर पूर्ण विसंबू नका. चांदी, सोनं, तांबं त्याला चिकटत नाही हे खरं. पण मागे वाघ असलेला १९४७ चा ब्रिटिश रुपया निकेलचा आहे आणि अस्सल असला तर चिकटतोच. फरशीवर आपटून आवाज ऐकण्याची पद्धत तर सोडूनच द्या, कडेला खोक पडते.

यापुढचं काम भिंगाचं. टांकसाळीत नाणं ठशांमध्ये दाबून पडतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात. बनावट नाणं बहुधा ओतीव. त्याची अक्षरं मऊ, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेला साच्याची रेघ किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा. दोन नाण्यांवर एकाच जागी एकसारखा खड्डा दिसला तर दोन्ही एकाच साच्यातली समजा. काही वेळा नाणं खरं असतं आणि फक्त साल खोटं. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून शेवटचा आकडा कोरून बदललेले रुपये फिरतात.

गोव्यावर पूर्वी राज्य केलेल्या कदंब घराण्याची सोन्याची नाणी, म्हणजे गद्याण, हा वेगळाच विषय. सिंह, आणि भोवती नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं नाव असलेला नागरी लेख. नकली गद्याणसुद्धा खऱ्या सोन्याचा बनवता येतो, त्यामुळे सराफाने कस लावून ‘सोनं आहे’ म्हटलं म्हणजे नाणं अस्सल ठरत नाही. त्याचा निवाडा लेखाच्या वळणावरून, खात्रीच्या नाण्यांशी ताडून होतो. आम्हाला शंका राहिली तर तसं लिहून देतो, अंदाजाने होकार देत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि वर राम-सीता किंवा हनुमान, अशी तांब्याची नाणी मात्र आणू नका. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही. ‘तांदूळ ओढणारं नाणं’ (तांदळाचे दाणे चुंबकासारखे खेचतं म्हणे) म्हणून लाखांच्या गोष्टी सांगणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या चलनी नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारा आधी ‘नोंदणी फी’ मागतो. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन असे पैसे उकळले जातात आणि बँकेने २०२१ मध्ये त्याबद्दल सावधही केलं होतं.

चांदीच्या नाण्याची खालची किंमत तुम्हीच घरी काढू शकता. राणीछाप रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, तिला त्या दिवसाच्या भावाने गुणा. त्यापेक्षा कमी कोणी, अगदी आम्हीसुद्धा, देत असेल तर उठा. त्याच्या वर किती मिळेल ते साल, टांकसाळ, प्रत आणि घेणारे किती आहेत यावर. माळेत ओवायला कडी डाखलेली किंवा भोक बुजवलेली नाणी मात्र बहुतेक चांदीच्याच भावाने जातात, मग ती कितीही जुनी असोत.

तपासणीचे पैसे आम्ही नाण्यागणिक घेतो, किमतीच्या टक्क्यांवर नाही. तपासलेलं नाणं आम्हालाच विकायचं बंधन नाही. दुसरीकडे दाखवून या, आमचा लेखी अभिप्राय सोबत न्या.

लिस्बन, लंडनला नातेवाईक असलेल्यांसाठी: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. १९१२ ची रुपया भाच्याला भेट म्हणून बॅगेत घालू नका. कुळागरात (नारळ-पोफळीच्या बागेत) खणताना नाणी सापडली तर आधी मामलेदार कचेरीत कळवा. अशी नाणी आम्ही विकत घेत नाही.

आणताना प्रत्येक नाणं वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळा आणि कडेला धरा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पावसाळाभर ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो, तो आला असेल तर बोटाने पुसू नका. फोटो पाठवायचा असेल तर दोन्ही बाजू आणि कड असे तीन, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता.