डाळिंबावरची ‘स्ट्रेप्टो’ आणि ताटातले जीवाणू

सांगोला-पंढरपूर भागात डाळिंब लावलेल्या माणसाला ‘स्ट्रेप्टो’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फळावर तेलकट काळे डाग दिसले की सहा-सहा ग्रॅमच्या पुड्या फोडायच्या, कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर टाकीत मिसळायच्या आणि फवारायचं. तेल्या हा झँथोमोनास जीवाणूचा रोग. माणसाला तो काही करत नाही. पण पुडीत 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि 10 टक्के टेट्रासायक्लिन असतं, आणि ही दोन्ही माणसाची औषधं. अन्नातल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंची चर्चा नेहमी कोंबडीपाशी अडते. सोलापुरात ती बागेपासून सुरू व्हायला हवी.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी शॅट्झ यांना मातीतल्या जीवाणूपासून मिळालं. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध ते. पण क्षयाचे जंतू काही महिन्यांतच त्याला दाद देईनासे होतात, हे ब्रिटनमधल्या चाचणीत 1948 पर्यंत दिसून आलं. तरी 1950 च्या दशकात ते अमेरिकेतल्या सफरचंद-नाशपतीच्या बागांत गेलं. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नाशपतीवर त्याला न जुमानणारा रोगजंतू सापडला. पुढची गोष्ट जास्त काळजीची. काही बागांतल्या जंतूंत प्रतिकाराची जी जनुकं निघाली, तीच माणसाच्या आतड्यातल्या ई. कोलायमध्ये आणि अन्नातून आजार पसरवणाऱ्या साल्मोनेला जीवाणूतही होती.

हे कसं होतं, याचा उलगडा त्याआधीच जपानमध्ये झाला होता. हगवणीचा शिगेला जंतू एकदम चार-चार औषधांना पुरून उरत होता, आणि 1959 मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की हा गुण एका जीवाणूकडून शेजारच्या जीवाणूकडे जातो, जात वेगळी असली तरी. आपल्याकडे वारसा मुलाबाळांना मिळतो. जीवाणूंमध्ये तो शेजाऱ्यालाही मिळतो.

प्रतिकार म्हणजे मारकपणा नव्हे, हेही इथंच सांगायला हवं. औषधाला न जुमानणारा जंतू गरीब असू शकतो आणि घातक जंतू साध्या औषधानं मरू शकतो. दोन्ही गुण एकत्र आले की काय होतं, ते 2011 मध्ये जर्मनीत दिसलं. मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या ई. कोलायकडे शिगा विषही होतं आणि अनेक औषधांना तोंड देण्याची ताकदही. चार हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, पन्नासच्या वर गेली. भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर मेथीची कोवळी पानं कच्चीच खाणाऱ्या आपल्या जिल्ह्यानं ही बातमी तेव्हा परकी म्हणून वाचली असेल.

भारतात पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या जीवाणूनाशक औषधावर बंदी आली ती 2019 मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदा केंद्रानं डिसेंबर 2021 मध्ये काढला. तेल्या मात्र बागेतच आहे. रोगट फांद्या छाटून जाळणं, गळालेली फळं वेचणं, बहार धरण्याआधी झाडाला विश्रांती देणं, हे उपाय शेतकऱ्याला पाठ आहेत. पण बहाराच्या तोंडावर पाऊस झाला की मजूर शोधण्यापेक्षा पुडी फोडणं सोपं पडतं.