बेने इस्रायल घराण्याचे कागद काढताय? आजोबांच्या जन्मदाखल्यापाशी अडकू नका

आलियासाठी, म्हणजे इस्रायलला कायमचं राहायला जाण्यासाठी म्हणा किंवा नुसतं आपलं घराणं कळावं म्हणून म्हणा, जुने कागद काढायला निघालेली आपली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी माणसं बहुतेक एकाच जागी अडकतात. आजोबांचा जन्मदाखला. आजोबा नागावला नाहीतर रोह्याला घरीच जन्मले, दाखला कुणी काढलाच नाही, आणि आता त्या एका कागदापायी लोक दोन-दोन वर्षं हेलपाटे घालतात.

आधी पात्रता. इस्रायलचा परतीचा कायदा 1950 चा, 1970 साली त्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे आजी-आजोबांपैकी एकजण जरी यहुदी असला तरी चालतं. फक्त पणजोबा यहुदी असतील तर पणतूला स्वतःच्या नावावर अर्ज करता येत नाही, हे नीट वाचा. म्हणजे सिद्ध काय करायचं, तर तुम्ही, तुमचे आई किंवा वडील आणि त्यांचे आई-वडील, एवढी साखळी. ती जन्मदाखल्यानेच जोडली पाहिजे असं नाही.

माझ्या मते पहिला कागद शाळेचा. जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि धर्म सगळं एकत्र मिळतं, धर्माच्या रकान्यात यहुदी, ज्यू, इस्राईल काहीही लिहिलेलं असू शकतं. मुंबईकरांनी माझगावची एली कदूरी शाळा विसरू नये, 1875 साली ती आपल्या समाजाची शाळा म्हणूनच सुरू झाली होती. दुसरा कागद केतुबा, म्हणजे यहुदी लग्नाचा करारनामा, किंवा सिनेगॉगच्या (आपल्या प्रार्थनामंदिराच्या) लग्नाच्या रजिस्टरची नोंद, तिथे नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं मिळतात. तिसरा, तहसील कचेरीतलं जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर, गाव नमुना 14. अर्जात एकच साल टाकू नका, पाच-सात वर्षांचा पट्टा द्या, आणि कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा माणूस शोधा. आणखी एक, आडनावातलं गाव म्हणजे जन्मगाव नव्हे! किहीमकरांच्या तीन पिढ्या मुंबईत जन्मल्या असतील तर किहीमला काय सापडणार?

कारकून तोंडी "नाही सापडत" म्हणाला की लोक परत येतात. येऊ नका. अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे आणि पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

सगळ्यात जास्त रडवतं ते नाव. एका कागदावर शमुवेल, दुसऱ्यावर सामाजी, आडनाव कुठे आहे कुठे नाही, आणि साहेब म्हणतात ही दोन वेगळी माणसं. अहो, 1796 साली मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधणारे शमुवेल एझेकिएल दिवेकर स्वतः सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जायचे, आपल्याकडे ही रीतच होती! त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, पण नुसतं देऊ नका, दोन्ही नावांच्या कागदांवर तीच बायको, तोच पत्ता किंवा तोच मुलगा दिसेल अशी जोडी लावून द्या.

मुदतीबद्दलही गैरसमज आहे. जन्माला वर्ष उलटलं की नोंद होतच नाही असं नाही, जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याने उशिराची नोंद होते, पण वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि तो अधिकार असलेल्याच अधिकाऱ्याच्या सहीचा हवा, एजंटच्या भरवशावर सोडू नका.

कबरींचे फोटो घेऊन ठेवा. दगडावरचं हिब्रू साल बहुतेकदा हजाराचा आकडा (5) सोडून लिहितात, त्यात 1240 मिळवा, म्हणजे 685 असेल तर 1925, तारीख तिश्रे (सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा हिब्रू वर्षाचा पहिला महिना) ते डिसेंबरमधली असेल तर एक वर्ष कमी. जूइशजेनसारख्या यहुदी वंशावळीच्या साइट युरोपातल्या घराण्यांना जास्त उपयोगी, कोकणासाठी पाय झिजवावेच लागतात.

अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, शेवटी करा, नावं जुळल्यावर, नाहीतर पैसे दोनदा जातात.

आणि इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद इथे कुणी मावशी, आत्या, काका असतील तर आजच फोन करा. 50-60 च्या दशकात गेलेल्यांनी केतुबा, जुने पासपोर्ट ट्रंकेत भरून नेले, इकडे न सापडलेला कागद पुष्कळदा तिकडे कपाटात असतो. दोन्ही बाजू नीट दिसतील असा स्कॅन मागा, पाठीमागे नावं लिहिलेली असतात.