पंगतीतून पळालेली हवा

"गाडीने काळा धूर सोडला की समजा, पंपवाल्याने रॉकेल मिसळलंय," असा एक निरोप परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. रॉकेल डिझेलपेक्षा हलकं असतं, त्याने धूर वाढतोच असं नाही. त्याचा घाव बसतो गाडीतल्या इंधनपंपावर, कारण त्यात वंगणाचा गुण कमी. काळा धूर म्हणजे काजळी. डिझेल आत आलं, पण त्याच्या वाट्याला पुरेशी हवा आली नाही.

एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण 14.5 किलो हवा लागते. लिटरमागे धरली तर जवळपास 10,000 लिटर! आणि 1,500 सीसीचं इंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेताना स्वतःहून ओढणार मिनिटाला जास्तीत जास्त 1,500 लिटर. म्हणून टर्बो. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबून आत कोंबायची, या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 सालीच घेतलं होतं.

आमच्या जुन्या बीएस-4 (धुराच्या आधीच्या सरकारी मानकाच्या) गाडीने खंबाटकी घाटात दगा दिला. रेस दिली की क्षणभर विचार करायची, मग आरशात काळा ढग. एका गॅरेजने डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदलायला सांगितले. शेजाऱ्यांनी लिंबू-मिरची सुचवली. लिंबू निदान स्वस्त होतं. दुसऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून विचारलं, "शिट्टी ऐकू येते का चढावर?" येत होती. त्याने टर्बोपासून, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप पिळला, तर खालच्या बाजूला बोटभर चीर आणि भोवती तेलकट काळा डाग.

मला यातली गंमत आवडते ती पुढे. गाडीतला संगणक हवा मोजतो ती एअर फिल्टरच्या लगेच पुढे, म्हणजे टर्बोच्या आधी. तिथे विजेने तापवलेली एक बारीक पट्टी असते. वाहती हवा तिला गार करते. तिला गरम ठेवायला किती वीज लागली, त्यावरून हवेचं वजन कळतं, आणि त्या हिशेबाने जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं ते ठरतं. आता लग्नातली पंगत आठवा. मांडवाच्या दारात माणसं मोजली, तेवढी पानं वाढली, आणि मधल्या मधे काही पाहुणे कनातीखालून निसटले. वाढलेलं अन्न पानात उरणारच. चिरेतून पळालेली हवा म्हणजे हे पाहुणे, आणि उरलेलं अन्न म्हणजे काजळी. संगणकाची वहीतली मोजणी मात्र अगदी बरोबर!

गाडी उभी असताना टर्बो नीट दाब देत नाही, त्यामुळे चीर मिटलेली राहते आणि सगळं ठीक दिसतं. दाब चढला की ती ओठासारखी उघडते. म्हणूनच गॅरेजच्या दारात दोष सापडत नाही, घाटात सापडतो. मिस्त्रीने पाइपची तोंडं बंद करून आत हवा भरली, साबणाचं पाणी लावलं, आणि बुडबुडे आले.

धुराला दुसरी कारणंही असतात. धुराचा थोडा भाग इंजिनात परत सोडणारी झडप, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह, उघडी अडकली तर जळलेला धूरच पुन्हा आत येतो आणि ऑक्सिजन घटतो. टर्बोची पाती काजळीने जाम होतात. गळका इंजेक्टरही असतो, पण तो महाग भाग आहे म्हणून त्याच्यापासून सुरुवात का करायची? बाटलीतल्या 'इंजिन क्लीनर'ने तर रबराची चीर शिवली जात नाही.

2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत ही चीर आणखी लबाड ठरते. तिथे सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर काजळी गिळतो, मागे धूर दिसतच नाही. फिल्टर तेवढा लवकर भरतो. अशा गाडीचा पिकअप गेला, चढावर शिट्टी येऊ लागली आणि फिल्टरचा दिवा वरचेवर लागू लागला, तर फिल्टर धुवायला देण्याआधी तो रबरी पाइप खालून हात घालून चाचपून बघा. इंजिन गार असताना.